पडवळाला बांधलेली चिंधी

यंदा आमच्या बाल्कनीत पडवळं चांगली लागली. दुबईत करामातल्या या फ्लॅटला बाल्कनी आहे असं आपलं म्हणायचं. वॉशिंग मशीन, कपडे वाळवायचा स्टँड आणि नातीची लहानपणची सायकल एवढं तिथं उभं आहे, त्यामुळे माणसाने तिरकं होऊनच जायचं. उरलेल्या जागेत माझ्या मातीच्या बादल्या आहेत. वेल गजांवरून वर चढवलाय आणि प्रत्येक पडवळाच्या शेपटाला दोऱ्याने खडा बांधलाय, म्हणजे ते वाकडं होत नाही. एकाला मात्र खडा नाही, देठाशी चिंधी बांधली आहे. सई, माझी नात, शाळेतून आली, दप्तर टाकून बाल्कनीत गेली आणि म्हणाली, "आजी, व्हाय इज धिस वन वेअरिंग अ स्कार्फ?" मी म्हटलं, "ते बियाला ठेवलंय. हात लावायचा नाही." "बट इट्स द बेस्ट वन!" "म्हणूनच." तिने खांदे उडवले. आतून सून म्हणाली, "आई, खाली सुपरमार्केटमध्ये पडवळ आठ दिरहॅम किलो आहे हो. म्हणजे दोनशे रुपये. त्याच्यासाठी एवढा खटाटोप?" सून वाईट नाही. दिवसभर ऑफिसात डोकं घालून येते, तिला खटाटोप नको असतो. पण सईने विचारलेलं डोक्यात राहिलं, आणि माझ्या आठवणींच्या वहीत हे प्रकरण मी पुढे लिहिणार होते ते आधी लिहायला घेतलं.

आमच्याकडे कोकणात परसातल्या वेलावरचं पहिल्या बहराचं, निरोगी, अंगाने भरलेलं फळ बियाला ठेवतात. त्याला लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधी बांधली की ते फळ कुणाचंच नसतं. घरच्या माणसाने तोडायचं नाही, पाहुण्याला द्यायचं नाही, घरात भाजीला काही नसलं तरी त्याच्याकडे बघायचं नाही. पोरंसुद्धा हे न शिकवता शिकतात. पिकून, सुकून, खुळखुळा होईपर्यंत ते वेलावरच राहतं. मग त्याचं बी राखेत घालून ठेवायचं. आणि ते बी विकायचं नाही. शेजारणीला हवं तर मूठभर द्यायचं. तिचं पीक आलं की तिने सव्वा मूठ परत करायचं. एका घरातलं बी किडलं, भिजलं, तर दुसऱ्या घरात असतं. मात्र दिलेलं बी तोंडाने मागायचं नाही. ते यायचं तेव्हा येतं. आमच्या वाडीत कुणी बाजारातून बी आणलेलं मला आठवत नाही आणि भाजीवाचून कुणी राहिल्याचंही आठवत नाही.

मी दुबईत आले ती चौथी पास होऊन. आई गेली होती. बापाने दुसरं लग्न केलं आणि नव्या बाईला मी घरात नको होते, त्यात तिचा दोष नाही, तिचं स्वतःचं वय ते काय होतं. मावशी आणि तिचा नवरा दुबईला असत. त्या दोघांना मूल नव्हतं. मावशीने निरोप धाडला की पोरीला पाठवा, आणि तिच्याबरोबर परसातलं बी पाठवा. बी आधी म्हटलं होतं की पोर आधी, हे निरोप आणणाऱ्यालाच माहीत. मुंबईहून स्टीमरने एका ओळखीच्या कुटुंबाच्या सोबतीने मी आले. मांडीवर वाळक्या दुधीभोपळ्याचं कवच, तोंडाला कापडाचा बोळा, आत राखेत पडवळ, चवळी, तांबडा माठ आणि भेंडी. वाटेत मला ओकाऱ्या झाल्या, पण भोपळा खाली ठेवला नाही. धक्क्यावर मावशी उभी होती. तिने माझ्या हातातला भोपळा घेतला, बोळा काढला, आत नाक घातलं, हलवून आवाज ऐकला. मग माझ्याकडे बघितलं. "वाळलीस गो," म्हणाली. तेवढंच.

घर खाडीच्या मागच्या गल्लीत होतं. आता तिकडे सगळं चकाचक करून ठेवलंय, प्रवासी लोक फोटो काढत फिरतात. तेव्हा ते राहायचं घर होतं: दोन खोल्या, मधे अंगण, अंगणाला मातीची उंच भिंत. एका खोलीत आम्ही, दुसरीत काकांचे गडी. मावशीच्या नवऱ्याला मी काका म्हणत असे. ते लाँचांची इंजिनं दुरुस्त करीत, आणि राजापूर, देवगडकडची पोरं कामाला यायची ती आमच्याकडे जेवायला आणि झोपायला असायची. सगळे काकांना काकाच म्हणायचे. पहाटे पहिला आवाज अजानचा, मग मावशीच्या रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारल्याचा, मग खाडीतून लाँचांचं डबडब. गोडं पाणी विकणारा गाढव घेऊन यायचा, त्याच्या डब्यांचा खडखडाट गल्लीच्या टोकापासून ऐकू यायचा आणि मावशी हातातलं टाकून दारात जायची, कारण शेवटच्या घराला गढूळ मिळत असे.

जेवायला भात, डाळ, सुकट, बोंबील. मासे ताजेही मिळत, मासळीला तोटा नव्हता. कांदे-बटाटे बोटीने येत. हिरवं मात्र काही नाही. बोट वेळेवर आली तर भाजी पिवळी पडलेली, नाही आली तर तीही नाही. गड्यांची तोंडं यायची, हिरड्यांतून रक्त यायचं. जेवताना तिखट लागलं की एकेक जण कळवळायचा. विठू नावाचा एक गडी होता, त्याला गप्प बसवत नसे. तो बोंबलाची शेपटी उचलून म्हणायचा, "मावशी, ही हिरवी असती तर शेवग्याची शेंग म्हणून चोखली असती." मावशी म्हणायची, "मेल्या, डोळे मिटून चोख." हा विठू पुढे माझा नवरा झाला, पण तो या प्रकरणाचा विषय नाही.

माझ्याबद्दल घरात एकमत नव्हतं. काका माणूस कोरडा, पण खोटा नव्हता. मी आले त्या आठवड्यातच, मी भांडी घासत असताना, मला ऐकू जाईल अशा बेताने मावशीला म्हणाले, "तुला सोबत पाहिजे होती, मी नाही म्हटलं नाही. पण जागा बघ, माणसं बघ. हे बी-बी मागवलंयस ते लावा. अंगणात भाजी झाली, गड्यांचं खाणं सुधारलं, तर पोरगी राहील. नाहीतर गणपतीनंतर देशमुखांची मंडळी स्टीमरने देशात जातायत, त्यांच्याबरोबर परत." मावशी म्हणाली, "होईल भाजी." म्हणजे मी तिथे राहायची की नाही, ते त्या भोपळ्यात होतं. हे मला त्या दिवसापासून नीट कळलं होतं. परत जाऊन मी कुठे राहणार होते, ते कुणी बोललं नाही. मीही विचारलं नाही. पण भोपळ्यावर माझी नजर असे.

आमच्या शेजारी उम्म ओबैद राहायची. तिथलीच बाई, ओबैदची आई म्हणून हे नाव. तिचं स्वतःचं नाव मला कधीच कळलं नाही. ताडमाड, तोंडावर तिकडच्या बायका लावतात तो पितळी रंगाचा, मुखवट्यासारखा बुरखा, आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली बकरी वळून बघावी. तिच्या अंगणात विहीर होती. पाणी मचूळ, पण भांड्याला, झाडाला चालण्यासारखं. ते पाणी ती आम्हाला फुकट नेऊ द्यायची, आणि ते शेंदून आणायचं काम माझं. तिच्या नवऱ्याचा मुंबईशी व्यापार असे, त्यामुळे तिला तोडकं हिंदी येई. मावशीचं हिंदी तिच्याहून तोडकं. त्या दोघी तासन्‌तास कशा बोलायच्या ते मला अजून उमगलेलं नाही. पाण्याच्या उपकाराची फेड म्हणून मावशीने भोपळा उघडला आणि प्रत्येक जातीचं थोडं थोडं करून मूठभर बी तिच्या ओंजळीत घातलं. मग मूठ वळून दाखवली, "ये लिया," आणि मूठ वळून वर आणखी चिमूट दाखवली, "ये वापस." उम्म ओबैद बुरख्याआड खदखदून हसली. "इन्शाल्ला, इन्शाल्ला." तिने बी फडक्यात बांधलं आणि ओसरीच्या वाशाला टांगलं. काका म्हणाले, "घरात बी लागलं नाही अजून, आणि वाटत सुटलीस." मावशी म्हणाली, "एका घरात ठेवलेलं बी म्हणजे नसल्यातच जमा."

मग मृगाची वाट बघणं सुरू झालं. आता हसू येतं, पण तेव्हा कुणालाही त्यात चूक वाटली नाही. भिंतीवर देशातलं कॅलेंडर होतं, त्यावर मृग लिहिलेला होता, आणि बी मृगाला पडतं हे आमच्या हाडात होतं. गड्यांनी खाडीवरून रिकाम्या गोणी आणल्या, कुणी बकऱ्यांच्या लेंड्या आणल्या, कुणी खजुराच्या बागेतली माती. भिंतीला लागून वाफे केले. उम्म ओबैद भिंतीवरून डोकावली आणि दोन्ही हात हलवत म्हणाली, "अबी नय! गर्मी! बाद में!" आणि वर आभाळाकडे बोट केलं. मावशीला वाटलं, ही देवावर हवाला ठेवायला सांगते. मला म्हणाली, "वाळवंटात जन्म गेला हिचा, हिला पेरणीतलं काय कळतं. बियाला मृग लागतो." मृगाच्या दिवशी तिने नारळ फोडला, वाफ्यांना हळदकुंकू वाहिलं आणि पेरलं. विठू म्हणाला, "मावशी, पाऊस कोण पाडणार?" मावशीने माझ्याकडे बोट केलं. "हा काय पाऊस. बादली घेऊन उभाय."

बी उगवलं मात्र झकास. गरम मातीत ते भराभर वर आलं. गडी कामावरून आले की आधी वाफ्याशी उकिडवे बसायचे. मोठाली, दाढीमिशा आलेली पोरं, चवळीच्या दोन पानांकडे बघत बसायची. एकजण म्हणायचा, ही आमच्या घरची चवळी, दुसरा म्हणायचा, आमच्याकडे हिला अळसुंदे म्हणतात, आणि त्यावरून भांडणं. काकासुद्धा एकदा वाकून बघून गेले. मग वारा सुटला. तो वारा ज्याने अंगावर घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही. भट्टीचं दार उघडून कुणी समोर उभं करावं तसा. मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होते, दुपारीही घातलं, आणि दुपारचं पाणीच रोपांना उकडून गेलं. पानं कडेने कागदासारखी झाली, मग सगळं खलास. मावशीने गोणपाटाची सावली केली आणि दुसऱ्यांदा पेरलं. तेही गेलं. तिसऱ्यांदा तिने भोपळा उपडा करून हातावर आपटला, राखेतलं शेवटचं बी वेचून टोचलं. त्यातलं बरंचसं उगवलंच नाही. रिकामा भोपळा तिने खुंटीला टांगला. वाऱ्याने तो भिंतीवर टकटक आपटायचा आणि कुणीही त्याच्याकडे बघायचं नाही.

एका संध्याकाळी काका हात धुताना सहज म्हणाले, "देशमुखांना सांगून ठेवलंय." मावशी भात वाढत होती, ती वाढत राहिली.

आता, बी कुठेच नव्हतं असं नाही. उम्म ओबैदच्या ओसरीला ते फडकं तसंच टांगलेलं होतं. तिने पेरलंच नव्हतं. मी रोज पाणी शेंदायला जात होते आणि रोज ते फडकं बघत होते. घरी येऊन मावशीला म्हटलं, "मावशे, तिच्याकडे बी आहे. मागूया ना." मावशी माझ्यावर खेकसली. "दिलेलं बी मागतात? कुणाची पोर तू?" मग थोड्या वेळाने, स्टोव्हला पिन मारत, हळू आवाजात म्हणाली, "तिने म्हणावं, मी घेतलंच नव्हतं, तर आपण काय करणार? आणि तिने दिलं, तर ते परत केलं नाही, आपण काढून घेतलं, असं होईल. ते चालत नाही." मला ते तेव्हा पटलं नाही. पटलं नाही तरी मी मागितलं नाही. पुढच्या दिवसांत विहिरीवर दोर ओढताना माझी मान आपोआप ओसरीकडे वळे. उम्म ओबैदच्या नजरेतून काही सुटत नसे. एकदा तिने विचारलं, "क्या देखता, या बिंती?" बिंती म्हणजे पोरी. मी म्हटलं, "कुछ नय." तिने खजूर हातावर ठेवले आणि माझ्या डोक्यावर टपली मारली.

श्रावण सरला. गणपती जवळ आले. माझी ट्रंक मावशीने कॉटखालून काढून पुसून ठेवली. त्याच दिवसांत एका पहाटे, अजान होऊन गेल्यावर, उम्म ओबैदने भिंतीपलीकडून हाक मारली, "या उख्ती! तआली, तआली! यल्ला!" म्हणजे अगं बहिणी, ये, चल लवकर. तिने मावशीला बोलावलं म्हणजे मीही गेले. तिने आम्हाला जिन्याने गच्चीवर नेलं. हवेत तेव्हाही घाम होता, पण वारा मेलेला होता. दक्षिणेकडे, अगदी खाली, घरांच्या वर जेमतेम, एक मोठा तारा लुकलुकत होता. "सुहेल," ती म्हणाली, आणि जणू तो तिच्याच घरचा जावई असावा अशा ऐटीने तिने हात केला. "सुहेल आया. गर्मी गया. अब बीज." मावशीने डोळे बारीक करून बघितलं. मग पदर तोंडाला लावला. "अगो," मला म्हणाली, "हा तर आपला अगस्ती! हा दिसला की आपल्याकडे पाऊस ओसरतो. नदीचं पाणी निवळतं." मग ती उम्म ओबैदला सांगायला लागली की आमचा पण आहे, आमचा पण. हिंदी संपलं तेव्हा मराठीत सांगत राहिली. उम्म ओबैद मान डोलवत राहिली. आभाळाकडे केलेलं ते बोट देवासाठी नव्हतं, हे मावशीला तिथे उभ्याउभ्याच कळलं असणार. खाली उतरताना ती स्वतःशीच म्हणाली, "मृग घेऊन आले मी इथं. गाठोड्यात बांधून."

ओसरीवर उम्म ओबैदने फडकं सोडलं आणि बियाचे दोन सारखे वाटे केले. एक मावशीच्या पदरात घातला. मावशीने हात मागे घेतला, "वापस नय, अबी वापस नय," कारण पीक आल्याशिवाय परतफेड होत नाही. उम्म ओबैदने तिचा हात धरून पदर ओढला. "वापस नय. तुम लेता मेरे से. मूठ लेता," आणि मावशीचीच ती खूण करून दाखवली, मूठ आणि वर चिमूट. म्हणजे आता आम्ही तिच्याकडून उधार घेत होतो. तसं असेल तर चालण्यासारखं होतं. मावशीने पदर पसरला. घरी येऊन आम्ही पेरलं. या खेपेला ना नारळ, ना कॅलेंडर.

पण माठ काही एका रात्रीत ताटात येत नाही. गणपती झाले. काकांनी आणलेली मूर्ती खाडीत पोचवली आणि देशमुखांचा निरोप आला की स्टीमर दोन दिवसांत सुटतेय, पोरीला संध्याकाळी आमच्याकडे आणून सोडा. वाफ्यात माठाची नखाएवढी तांबडी पानं, चवळीला दोन-दोन पानं, पडवळाने नुकतं मातीतून डोकं काढलेलं. हिरवं म्हणून गड्यांच्या पानात वाढण्यासारखं काहीही नव्हतं. आणि त्या अंगणात रोपं दोनदा जळलेली काकांनी बघितली होती, त्यामुळे दोन पानांवर ते विश्वास ठेवणार नव्हते. मी त्यांना दोष देत नाही. मीही ठेवत नव्हते. मी ट्रंकेत दोन परकर, फणी आणि आईची एक चोळी ठेवली. रडले नाही. रडून काही होतं असं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी गडी जेवायला बसले, काका त्यांच्या पंगतीच्या टोकाला. मावशी मला म्हणाली, "शेवंते, इकडे ये." ती स्टोव्हपाशी उभी होती. तिने आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ दातात धरून फाडला. टर्रकन आवाज झाला, सगळ्यांनी मान वर केली. ती चिंधी तिने माझ्या डाव्या मनगटाला बांधली. अगदी तशीच, जशी देठाला बांधतात, दोन वेढे आणि वर उलटी गाठ. मग भाताचं पातेलं माझ्या हातात दिलं. "वाढ."

मी वाढत गेले. एकेका पानापाशी वाकत होते आणि एकेकाची नजर माझ्या मनगटावर थांबत होती. सगळी कोकणातली पोरं. चिंधी म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. डाळ ओरपायचे आवाज थांबले. मी काकांच्या पानापाशी आले. वाढताना भाताची शितं पानाबाहेर पडली. काकांनी चिंधी बघितली, मग मावशीकडे बघितलं. "हे काय?"

"दिसत नाही?" मावशी म्हणाली.

"दिसतंय. पण भाजी कुठाय? बोलणं काय झालं होतं आपलं?"

"भाजी होईल, नाहीतर पुन्हा जळेल. ते बियाचं बोलणं झालं होतं. ही बी नाही." मावशीचा आवाज चढला नाही. "हिला मी राखून ठेवलीय. आता तोडून दाखवा."

मग विठूने, त्याला गप्प बसवतच नसे, कान खाजवत म्हटलं, "काका, बियाला ठेवलेलं फळ आमच्या गावात खोतसुद्धा तोडत नाही हां." एकजण फिसकन हसला. काकांनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की हसू तिथेच मेलं. त्यांनी भात कालवला, एक घास घेतला, दुसरा घेतला. "मीही त्याच मुलखातला आहे," म्हणाले. "मला कुणी शिकवायला नको." आणि मग, पाण्याचा तांब्या उचलताना, कुणाकडेच न बघता, "देशमुखांना निरोप द्या कुणीतरी. एक माणूस कमी म्हणावं."

मावशीने मला पुढे ढकललं. "सगळ्यांना वाढून झालं का? डाळ घे मग."

माठ या खेपेला जळला नाही. दसऱ्याच्या आधी पहिली खुडणी झाली, लसूण आणि सुकी मिरची घालून मोठी कढई भरून भाजी केली, आणि शिजून ती गड्यांच्या मानाने जेमतेम घासघासभर झाली. काकांनी दोनदा मागून घेतली. हिवाळाभर अंगणात चवळी, भेंडी, पडवळ. गड्यांच्या हिरड्या बऱ्या झाल्या, आणि गल्लीतली कोकणातली जी तीन-चार बिऱ्हाडं मृगाला आमच्यासारखीच फसली होती, ती एकेक करून मूठ मागायला आली. मावशी प्रत्येकीला मूठ देताना सांगायची, कॅलेंडर बघू नका, अगस्ती बघा.

परतफेडीचा मात्र घोळ होऊन बसला. मावशी सव्वा मूठ घेऊन उम्म ओबैदकडे गेली तर ती तिची सव्वा मूठ घेऊन आमच्याकडे यायला निघालेली. पहिल्यांदा कुणी दिलं होतं, मग कुणी घेतलं होतं, यावर त्या दोघी विहिरीपाशी अशा कडाडून भांडल्या की ओबैदचा बाप बाहेर आला. शेवटी दोघींनी दोघींचंही घेतलं. दर वर्षी हेच. दोघीही आता नाहीत. उम्म ओबैदची नात तिकडे शहराबाहेर मोठ्या बंगल्यात राहते. सुहेल दिसला की तिचा ड्रायव्हर आमच्या करामातल्या इमारतीखाली येऊन हॉर्न वाजवतो आणि वॉचमनकडे बियाने भरलेला कॉफीचा एक डबा देऊन जातो. मीही तिच्यासाठी एक डबा तयार ठेवलेला असतो. तिच्या डब्यातलं बी मी इमारतीत वाटते. वरच्या मजल्यावरची केरळची बाई नेते, इंटरनॅशनल सिटी या वस्तीत खोली करून राहणारी आमच्या गावाकडची पोरं बसने येऊन नेतात, खिडकीत डब्यात लावतात. सव्वा परत आणतात. काही आणत नाहीत. मी मागत नाही. कोरोनातल्या बंदच्या काळात दुकानांतल्या फळ्या रिकाम्या झाल्या होत्या तेव्हा या इमारतीतल्या कितीतरी घरांत माठाची भाजी शिजत होती, हे सुनेने तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. ती आठ दिरहॅमचं बोलते ते बोलायचं म्हणून.

चिंधीचं सांगायचं राहिलं. ती कुणी सोडली नाही. मावशीने सोडली नाही आणि मी हात लावला नाही. भांडी घासताना, विहिरीचा दोर ओढताना, वाफ्यात पाणी घालताना तिचा हिरवा रंग गेला, मग काठ उसवला, मग एका सकाळी मनगट मोकळंच होतं. कुठे पडली ते कळलं नाही. तोवर किती स्टीमर देशात गेल्या, ते मी मोजलं नाही.